रथ कुठे असतो?

(अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या मासिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाला आहे ‘परदेशातून जुनी जीप कशी आणावी’. जीप हा शब्द मंडळाने आपल्या सवयीने घातला. गावाकडे चार चाकं आणि वर ताडपत्री असली की ती जीपच. माझी गाडी लँड रोव्हर डिफेंडर आहे, १९९३ सालची, इंग्लंडहून आणलेली. पण शब्द बदला असं मी म्हटलं नाही, कारण या वेडाची सुरुवात खरोखरच जीपमध्ये झाली. माझे मामा जायकवाडीच्या कामावर होते. पैठणहून सुटीला येताना ते खात्याच्या जीपमधून यायचे आणि आम्हा पोरांना मागच्या फळीवर बसवून नदीच्या वाळूत एक फेरी मारायचे. वाळूत रुतलेली गाडी पुढच्या चाकांचा गिअर टाकताच कशी अंग झटकून बाहेर येते, हे ज्याने आठव्या वर्षी पाहिलं, त्याला पुढे कुठल्याही मऊ गाडीत समाधान मिळत नाही.

आता मूळ मुद्दा, आणि तो मला नागसेनवनात मिळाला. मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा विद्यार्थी. आमचे एक सर पहिल्याच तासाला कॉलेजच्या नावाची गोष्ट सांगत. मिलिंद राजा भदंत नागसेनांना भेटायला येतो. नागसेन विचारतात, महाराज, पायी आलात की वाहनाने? राजा म्हणतो, रथातून आलो. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. चाकं? जू? लगाम? नाही, नाही, नाही. सगळे भाग एकत्र म्हणजे रथ? तेही नाही. भागांवाचून वेगळा रथ आहे? तोही नाही. मग महाराज, तुम्ही आलात कशातून?

राजाचं उत्तर असं की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव पडतं, व्यवहारापुरतं. सतरा वर्षांचा असताना मला हे फार आवडलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेच्या एका बंदरावर कळलं की कस्टम्सचं मत नागसेनांहून वेगळं आहे. त्यांच्या मते रथ एका जागी असतो, आणि ती जागा म्हणजे चासीवर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर. (हशा)

तुम्ही हसलात, पण मला त्या वेळी रडू आलं होतं. ती हकिगत सांगतो.

जुनी डिफेंडर ही सगळी नटबोल्टांनी जोडलेली गाडी आहे. १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली, तेव्हा युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. ती पद्धत पुढेही राहिली. आतला सांगाडा मात्र पोलादी. दोन धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये पाणी शिरलं, की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते. आणि इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालची चासी गंजते. वरून गाडी नवरीसारखी आणि खालून चाळणी. मग लोक काय करतात, जस्त चढवलेली नवी चासी घेतात आणि जुन्या गाडीचं सगळं सामान उचलून तिच्यावर बसवतात. ब्रिटनमध्ये हे रोजचं काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त जुना नंबर नव्या चासीवर नीट ठोकायला हवा आणि बिलं जपून ठेवायला हवीत.

माझी पहिली गाडी अशीच होती, १९९२ ची पिकअप. विकणाऱ्याने पन्नास फोटो पाठवले. सीट, टायर, इंजिन, आणि चासी तर इतकी चकचकीत की मी घरात सगळ्यांना फोनवर दाखवत फिरलो. ती चमक पाहूनच सावध व्हायला हवं होतं. पंचवीस वर्षांच्या चासीला चमक कुठून येणार? मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गाडी बंदरावर उतरली. तपासनीस टॉर्च घेऊन पुढच्या उजव्या चाकाशी वाकला, कारण तिथे चासीच्या टोकावर नंबर असतो. तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत जस्त. अमेरिकेत सुरक्षेच्या नियमांतून पंचवीस वर्षं झालेली गाडीच सुटते. माझी गाडी खरोखर पंचवीस वर्षांची होती, पण तिच्या सांगाड्यावर तसं सांगणारा एकही आकडा नव्हता. नंबराची पाटी काय, दोन रिव्हेट काढले की कोणीही बदलतो.

तपासनीसाला मी दोष देणार नाही. त्याच्या आधीच्या काही वर्षांत काय काय झालं होतं ते ऐका. जुन्या गाडीचा नंबर लावून नवी डिफेंडर आणायची, हा धंदाच झाला होता. २०१३ मध्ये कस्टम्सने अशी एक गाडी यंत्राखाली चिरडली आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. २०१४ च्या जुलैमध्ये देशभरातून चाळीसएक डिफेंडर जप्त केल्या. त्यातले बरेच मालक निर्दोष होते, ते भांडले आणि पुढच्या वर्षी गाड्या परतही मिळाल्या. पण तोवर प्रत्येक डिफेंडरकडे संशयाने पाहायची सवय लागली. मी विकणाऱ्याकडे चासीचं बिल मागितलं. तो आधी म्हणाला पाठवतो, मग म्हणाला शोधतो, मग फोन उचलेना. पाच आठवडे गाडी आवारात उभी, रोजचं भाडं वेगळं. शेवटी ती परत पाठवावी लागली. पैशाचं दुःख ओसरलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि एक बिल शोधायचे कष्ट त्याने घेतले नाहीत, हे अजून सलतं.

आणि ती पिकअप होती, हे आणखी एक दुखणं. पिकअप म्हणजे ट्रक, आणि ट्रकवर २५ टक्के शुल्क. मागे सीट असलेल्या स्टेशन वॅगनवर मी आणली तेव्हा अडीच टक्के. बारा हजार डॉलरच्या गाडीवर एकीकडे तीन हजार, दुसरीकडे तीनशे. याचं कारण कोंबडी! साठच्या दशकात युरोपातल्या सामायिक बाजाराने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला. चिडून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार गोष्टींवर २५ टक्के लावले, १९६४ पासून. बाकी तिन्ही कर गेले, ट्रकचा राहिला. कंपन्यांनी पळवाटा काढल्या. एका जपानी कंपनीने पिकअपच्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन खुर्च्या बसवून तिला प्रवासी गाडी ठरवलं. यावर मी तासभर बोलू शकतो, पण…

समोरून चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. बरं, ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर सांगतो. लिहून घ्या.

वय आधी. वाहतूक सुरक्षेच्या नियमांतून सुटायला २५ वर्षं, प्रदूषणाच्या नियमांतून सुटायला २१, तीही इंजिन मूळचं किंवा त्याच बनावटीचं असेल तर. वय मोजतात ते कारखान्यातून बनून निघाल्याच्या महिन्यापासून, पहिल्या नोंदणीपासून नव्हे. ऑक्टोबर १९९३ मध्ये बनलेली गाडी सप्टेंबर २०१८ मध्ये बंदरावर आली तर ती लहानच. हा महिना कळायला ब्रिटनमध्ये गेडनच्या मोटार संग्रहालयातून दाखला मिळतो. पैसे देण्याआधी तो मागवा.

दुसरं, ब्रिटनमधल्या गाडीची दरवर्षीची तपासणी २००५ पासून इंटरनेटवर फुकट पाहता येते. गाडीचा नंबर टाका. ‘चासीला गंज’ असा शेरा चार वर्षं ओळीने आहे आणि पाचव्या वर्षी अचानक नाही, तर त्या वर्षी काय झालं ते विचारा, आणि बिल मागा. माझी दुसरी गाडी मी अशी शोधली.

तिसरं, फोटो. सीटचे नकोत. चासीवरच्या नंबराचा, जवळून, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. तिथे राहणारा आपला कोणी माणूस असेल तर त्याला पाठवा. लंडनचं मंडळ कशासाठी आहे?

चौथं, चिखल. ही गाडी चिखलासाठीच बनली आहे, पण परक्या मातीचा गोळा चाकाच्या कमानीत सापडला तर शेतीखातं गाडी अडवतं, आणि धुण्याचा खर्च तुमचा. तिथेच वाफेने धुऊन पाठवा. आणि गाडीत सुटं सामान भरू नका.

कागद: गाडी जहाजावर चढायच्या २४ तास आधी आगाऊ माहिती भरावी लागते, चुकलात तर दंड पाच हजार डॉलरपर्यंत. म्हणून कस्टम्स एजंट आधी गाठा, जहाज नंतर. सुरक्षेचा एचएस-सात, प्रदूषणाचा ३५२०-१ आणि कस्टम्सचा ७५०१ असे तीन फॉर्म. शेवटच्यावर शिक्का घेतल्याशिवाय आवारातून निघू नका, नोंदणीच्या खिडकीवर तोच मागतात. शुल्काचे मी सांगितलेले आकडे माझ्या वेळचे आहेत. सध्या दर वरचेवर बदलतात, एजंटला त्या आठवड्याचे विचारा.

जहाज निवडताना… नाही, अध्यक्ष उभे राहिले. ते राहू द्या.

गाडी बाहेर आणली आहे, गेटजवळच्या लिंबाच्या रंगाच्या व्हॅनशेजारी. पुढच्या उजव्या चाकाशी वाकलात की नंबर दिसेल. अंधार पडला आहे, टॉर्च माझ्याकडे आहे. मुलांनी मागच्या फळीवर चढून बसलं तरी चालेल.