थेंब आणि निचरा

मोटर सुरू होते. नळीत अडकलेली हवा फुसफुसत बाहेर पडते. मग ड्रिपरच्या टोकाशी एक थेंब फुगतो, क्षणभर लोंबकळतो आणि कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पडताच दिसेनासा होतो.

शेतातल्या ठिबकमधून येतं ते मुख्यतः पाणी. खाण्यापिण्याचं बरंचसं माती बघून घेते. ही मात्र हायड्रोपोनिक्स, बिनमातीची शेती. कोकोपीट, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे) किंवा रॉकवूल (दगडी लोकर) मुळांना आधार देतं, ओल आणि हवा धरून ठेवतं. नत्र, पालाश, कॅल्शियम, लोह, सगळं त्या थेंबातूनच यायचं. म्हणून भर उन्हात मोटर बंद पडली, तर ही झाडं काही तासांतच माना टाकतात.

टाकीतलं द्रावण गाळणीतून लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीत, जातं आणि तिथून प्रत्येक झाडाच्या बुडाशी. तासाला २ लिटर सोडणारा ड्रिपर ३ मिनिटांत १०० मिली देतो. टायमर असे छोटे डोस दिवसभर देत राहतो. मधल्या वेळात पाणी खाली ओसरतं, वरून ताजी हवा शिरते. मुळांना तीही लागतेच.

ड्रिपर कापून पाहिला, तर आत नागमोडी, अरुंद वाट दिसते. पाण्याचा जोर तिथेच मोडतो. आणि चोंदतंही तिथेच! तीव्र द्रावणात कॅल्शियमची गाठ फॉस्फेट किंवा सल्फेटशी पडली, की पांढरा साका धरतो. म्हणून खतांच्या दोन टाक्या वेगळ्या, 'ए' आणि 'बी'. भरपूर पाण्यात पातळ झाल्यावरच ती एकत्र येतात. नळ्या काळ्या असतात त्या शेवाळाच्या धास्तीने.

पण खरी गोष्ट कळते ती कुंडीखालच्या भांड्यात. दिलेल्यापैकी साधारण पाचवा हिस्सा निचऱ्यात यावा. समजा, दिलेल्या द्रावणाचा ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता) २ होता आणि निचऱ्याचा ३ आला. म्हणजे झाडाने पाणी पिऊन टाकलं, क्षार मागे ठेवले. अशा वेळी डोस वाढवून ते धुऊन काढायचे. द्रावणातलं खत वाढवण्याचा मोह होतो, तो नडतो.

हा निचरा पुन्हा टाकीत सोडला, तर पाणी आणि खत दोन्ही वाचतं. मात्र एका झाडाच्या मुळाला लागलेली कूज त्याच वाटेने सगळ्यांकडे पोहोचू शकते. काहीजण म्हणून आधी अतिनील दिव्याखालून पाणी नेतात.

ऊन कलतं. सूर्यास्ताच्या बरंच आधी शेवटचा डोस संपतो. भांड्यात मात्र अजून टप टप चालूच असते.