हलक्या गाडीचं वेड

नमस्कार. ज्या छोट्या, हलक्या स्पोर्ट्‌स गाड्यांविषयी आज बोलायचं आहे, त्यांतली एकही बाहेरच्या पार्किंगमध्ये उभी नसणार याची मला खात्री आहे. दोन सीटा, कापडी छप्पर, डिकीत जेमतेम दोन पिशव्या. घरातल्या तिसऱ्या माणसानं बसमधून यावं अशीच सगळी व्यवस्था. व्यवहाराच्या कुठल्याही हिशेबात न बसणारी ही वस्तू लोक पिढ्यान्‌पिढ्या हौसेनं विकत घेतायत, आणि घेणारे सगळे काही धनाढ्य नसतात. हे असं का, एवढंच आज पाहायचं आहे.

‘जुन्या दिवसांची हळहळ’ हे उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही. २०१५ साली आलेली चौथ्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराला १९५८ ची कसली आठवण असणार? कारण गाडीतच आहे, आणि ते वजनकाट्यावर दिसतं.

१९५८ पासूनच सुरुवात करू. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आली. इंजिन ९४८ सीसी, ताकद ४३ हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेसहाशे किलो. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५ या साध्या घरगुती गाडीचं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. म्हणजे डोनाल्ड हीलीनं नवं असं फारसं बनवलंच नाही. कंपनीच्या गोदामात जे होतं ते गोळा केलं आणि नको ते काढून टाकलं. बाहेरून दाराला हँडल नाही. आत हात घालून दार उघडायचं. डिकीला झाकण नाही, स्टेपनी काढायची तर सीटची पाठ पुढे पाडून आत रांगत जायचं. हेडलाइट मिटणारे करायचे होते, पण खर्च वाढतो म्हणून ते बॉनेटवर तसेच वर डोळे काढून बसवले. आज जिच्या बेडूकडोळ्यांवर लोक जीव टाकतात, तो चेहरा काटकसरीतून आला आहे.

इथे थांबावंसं वाटतं, कारण या सगळ्या प्रकाराची गोम इथेच आहे. एरवी हलकी वस्तू महाग असते. हलकी सायकल घ्यायला गेलात तर तुम्हाला हे लगेच कळेल. कार्बन फायबर, टायटॅनियम, सगळा पैशाचा खेळ. स्प्राइटमध्ये हलकेपणा आला तो वस्तू न लावल्यामुळे. जी वस्तू लावलीच नाही तिचं वजनही नाही आणि किंमतही नाही. हलकं आणि स्वस्त हे दोन गुण तिथे एकाच कात्रीनं कापले गेले.

लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनच्या १९५७ च्या लोटस सेव्हननं तर हे टोकाला नेलं. तिला दार म्हणावं असं दारच नव्हतं. शिवाय ती सुट्या भागांत मिळायची. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, भाग घेऊन घरी जोडलेल्या गाडीवर नव्हता. १९७३ साली व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी केटरहॅमनं सेव्हनचे हक्क घेतले, आणि ती गाडी आजही बनते आहे.

आता थोडं विज्ञान. ताकद वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते, बस. वजन कमी केलं की ती वेगही लवकर घेते, थांबतेही लवकर, आणि वळतेही पटकन. जड गाडीला मोठे ब्रेक लागतात, मोठ्या ब्रेकना मोठी चाकं, मोठ्या चाकांना दणकट सस्पेन्शन, ते पेलायला दणकट चासी म्हणजे सांगाडा, आणि हे सगळं ओढायला मोठं इंजिन. ही साखळी सुरू झाली की तिला अंत नाही. हलक्या गाडीत तीच साखळी उलटी फिरते.

पण माझ्या मते खरा मुद्दा वेगाचा नाहीच. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी घेऊन तुम्ही वरंध घाटात गेलात, तर तिच्या ताकदीचा चतुर्थांशही वापरता येणार नाही. वापरलात तर दरीत जाल. तिची मर्यादा तुमच्या मर्यादेच्या फार पलीकडे असते. छोट्या हलक्या गाडीची मर्यादा माणसाच्या आवाक्यात असते. साठच्या वेगातही टायर काय म्हणतोय ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं, गिअर चुकला तर कळतं, नेमका पडला तर त्याहून जास्त कळतं. २०१२ साली टोयोटानं ८६ ही गाडी काढली, तेव्हा तिला मुद्दाम कमी पकडीचे टायर दिले, प्रियस या हायब्रिड गाडीला मिळायचे त्या जातीचे. काही परीक्षकांनी नाकं मुरडली. मला तो त्या गाडीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. साध्या माणसाला साध्या वेगात गाडीशी चार शब्द बोलता यावेत, यासाठी तो घेतलेला होता.

इंग्रजांनी हा धंदा का गमावला? सत्तरच्या दशकात अमेरिकेत बंपरचे आणि धुराचे कडक नियम आले, आणि या गाड्यांचं मुख्य गिऱ्हाईक अमेरिकाच. १९७४ साली एमजी या इंग्रज कंपनीच्या एमजीबीला काळे रबरी बंपर लावून तिची उंची वाढवली. वळणावरची तिची ऐट तिथेच गेली. नवं डिझाइन करायला एमजीच्या मालक कंपनीकडे, ब्रिटिश लेलँडकडे, ना पैसा होता ना मन. त्यात गंज, गळकं छप्पर, भरवशाची नसलेली वायरिंग. एमजीचीच छोटी मिजेट १९७९ मध्ये बंद पडली, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर १९८० मध्ये.

नेमकं १९७९ मध्येच बॉब हॉल हा अमेरिकन पत्रकार माझदाच्या केनिची यामामोतोंना भेटला. रोटरी इंजिन यशस्वी करून दाखवणारे ते हेच यामामोतो. तुम्ही आता काय बनवावं, या विषयावर बोलणं निघालं आणि हॉलनं सांगितलं: साधी, स्वस्त, उघडी स्पोर्ट्‌स कार बनवा. पुढे हॉल माझदाच्याच कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात नोकरीला लागला. कंपनीत तीन कल्पनांची चुरस झाली. तोक्योच्या लोकांच्या दोन होत्या: एकीत इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना, दुसरीत इंजिन मध्ये. कॅलिफोर्नियाची कल्पना मात्र जुन्या वळणाची, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तीच जिंकली. तोशिहिको हिराई मुख्य अभियंता झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोत ही गाडी, म्हणजेच एमएक्स-५, लोकांसमोर आली. १.६ लिटर इंजिन, वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास, अमेरिकेत किंमत १३,८०० डॉलर. लोकांनी त्यावर वरचे पैसे देऊन ती उचलली.

वरवर पाहिलं तर ती जुन्या लोटस एलानची बहीण वाटते. आत डोकावलं तर हिराईंच्या टोळीनं किती बारकाईनं काम केलं ते दिसतं. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून बॅटरी नेऊन ठेवली डिकीत. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट घातली. त्यामुळे पाय दाबला की मागची चाकं लगेच ऐकतात, मध्ये ढिलाई नाही. आणि पाऊस आला तर छप्पर गळायचं नाही, सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायची. रोमान्स इंग्रजांकडेही भरपूर होता हो. या किंमतीत भरवसा कुणी दिला नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली.

वजन वाढवायच्या मोहाला माझदावालेही बळी पडले. तिसऱ्या पिढीत वजन अकराशेच्या वर गेलं. चौथ्या पिढीत त्यांनी ते पुन्हा हजाराच्या आसपास आणलं, जपानमधलं सर्वांत साधं मॉडेल तर ९९० किलोंचं. सुरक्षेचे नियम दरवर्षी वाढत असताना हे करणं म्हणजे काय, ते कुठल्याही डिझाइन ऑफिसात बसलेल्या माणसाला विचारा.

आता आपल्याकडे येऊ. साठच्या दशकात मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची. तुमच्या आजोबांनी ती पाहिली असेल, अख्खं बॉनेट पुढे उघडणारी. तिचंच इंग्लंडमधलं भावंड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिची चासी आखूड करून स्पिटफायर उभी केली होती. म्हणजे स्पिटफायरचं मूळ आपल्याच रस्त्यांवर टॅक्सी आणि बसच्या मधून वाट काढत होतं. पण परवान्यांच्या त्या काळात घरच्या गाडीसाठी जिथे वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तिथे दोन सीटांची गाडी कोण मागणार?

पुढे सॅन स्टॉर्म हा एक प्रयत्न झाला: फायबरग्लासची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन. विचार योग्य होता, माल तितका पक्का नव्हता. आणि २०२५ मध्ये एमजी या नावाची दोन सीटांची गाडी भारतात आली, सायबरस्टर. विजेवर चालते, ५१० पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर), किंमत सत्तर लाखांच्या वर. वजन? दोन टनांना जेमतेम पंधरा किलो कमी. सुरुवातीची एमजी मिजेट सातशे किलोंच्या आसपास होती. सायबरस्टर वाईट गाडी आहे असं मी म्हणत नाही, पण आज मी ज्या गाड्यांविषयी बोलतोय त्या कुळातली ती नाही.

मग अशी हलकी गाडी बनवणं आपल्याला जमेल का? चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन, असं असेल तर जीएसटी कमी लागतो. एमएक्स-५ लांबीला ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे मापात बसते. इंजिन मात्र बसत नाही. नवी स्विफ्ट पाच माणसांची असूनही सव्वानऊशे किलोंच्या आतबाहेर आहे. तिचं इंजिन-गिअरबॉक्स उचलून सीटच्या मागे ठेवा. फियाटनं १९७२ साली १२८ या घरगुती गाडीचं हेच केलं आणि एक्स-१/९ बनवली. सुटे भाग चाकणच्या आसपास सगळे मिळतील. अडतं ते बॉडीच्या पत्र्याच्या डायांपाशी, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांपाशी. त्यांचा खर्च काही हजार गाड्यांवर वसूल होत नाही, आणि इथे तेवढ्या खपतील की नाही याचीच शंका. बेडूकडोळी स्प्राइट तीन वर्षांत सुमारे ४९ हजार खपली, तीही अमेरिका घेत होती म्हणून. तेव्हा ज्या कोणाला हे करायचं असेल, त्यानं पहिल्या दिवसापासून निर्यातीचं गणित मांडावं, आणि फायबरच्या बॉडीवर किती हजारांपर्यंत निभावता येतं तेही बघावं. समोर बसलेल्यांपैकी जे कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रेसच्या गाड्या बनवतात, त्यांना हे गणित माझ्याहून चांगलं येईल.

आता प्रश्न घेऊ. मायलेजचा शेवटी.