ब्लू नोट्स: केपटाउन ते लंडन

जुलै १९६४. फ्रान्समधल्या आंतीब जॅझ महोत्सवासाठी ‘ब्लू नोट्स’ या बँडचे सहा वादक दक्षिण आफ्रिकेतून निघाले. पियानोवर ख्रिस मॅकग्रेगर, गोरे. बाकी पाच काळे: सॅक्सोफोनवर डुडू पुक्वाना आणि निकेले मोयाके, ट्रम्पेटवर मोंगेझी फेझा, डबल बासवर जॉनी डायानी, ड्रम्सवर लुई मोहोलो. गोऱ्याला काळ्यांच्या वस्तीत शिरायला परवाना लागे. काळ्या वादकाकडे पास, म्हणजे सतत जवळ बाळगावा लागणारा सरकारी कागद, नसला, तर कार्यक्रम आटोपून घरी जाताना अटक होई. वर्णभेदाच्या अशा राजवटीत हा बँड एकत्र वाजवत होता.

महोत्सवानंतर बँड युरोपातच राहिला. मोयाके तेवढे मायदेशी परतले. बाकीचे स्वित्झर्लंडमार्गे १९६५ मध्ये लंडनला पोहोचले.

तिथे पास कुणी मागत नव्हतं. आडवे आले ते कामाचे नियम. परदेशी वादकांबाबत ब्रिटिश वादक-संघटनेचं धोरण अदलाबदलीचं होतं: बाहेरचे जितके येतील, तितके आपले तिकडे जावेत. दक्षिण आफ्रिकेशी ही अदलाबदल होणार कशी? वर्णभेदाच्या निषेधार्थ याच संघटनेने सभासदांना तिथे वाजवायला मनाई केली होती. दोन्ही नियमांमागे कारणं होती, पण त्यांच्या कात्रीत सापडले ते वर्णभेदातूनच सुटून आलेले लोक.

(पडद्यावर पियानो, वादकाचे हात.)

सोबत आणलेली पुंजी म्हणजे मराबी. जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांतल्या बेकायदा दारूच्या अड्ड्यांवर घडलेलं हे संगीत. चार बारचं, म्हणजे समान मात्रांच्या चार खंडांचं, चक्र ऐका; प्रत्येक बारमध्ये एका स्वरावर उभारलेला स्वरमेळ (कॉर्ड). पहिला बार षड्जाचा, दुसरा मध्यमाचा, तिसरा पुन्हा षड्जाचा, पण खाली पंचम धरून; चौथा पंचमाचा. तिथून लगेच पुन्हा षड्ज. मध्येच ठाम शेवट केला की मराबी मेली.

मॅकग्रेगर यांच्या ‘ब्रदरहूड ऑफ ब्रेथ’ या मोठ्या वाद्यवृंदात इंग्रज वादक होते, बार्बाडोसचे ट्रम्पेटवादक हॅरी बेकेटही होते. १९७१च्या पहिल्या तबकडीवरची पुक्वानांची ‘एमआरए’ ही रचना ऐका: छोट्या सुरावटींचे थर एकावर एक चढत जातात. याला नुसता ‘आफ्रिकी जोश’ म्हणणं अन्याय आहे. ही विचारपूर्वक केलेली बांधणी आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये फेझा लंडनमध्ये न्यूमोनियाने गेले, वय अवघं ३०. काही दिवसांतच उरलेले चौघे एका तालमीच्या खोलीत जमले आणि तीन तासांहून जास्त वाजवत राहिले. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

डायानी १९८६ मध्ये गेले. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले. त्याच वर्षी मे महिन्यात मॅकग्रेगर आणि जूनमध्ये पुक्वाना वारले. लंडनला पोहोचलेल्या पाचांपैकी केपटाउनला राहायला परतले ते फक्त मोहोलो, २००५ मध्ये.