मनगटावरचा बँड आणि वाजवणारा हात

समोर बसलेल्या बऱ्याच वादकांच्या मनगटावर फिटनेस बँड दिसतोय, त्यामुळे प्रस्तावना न करता त्या बँडकडेच वळते.

खुर्चीत बसून अर्धा तास ड्रम वाजवला तर हा बँड तुम्हाला तीन-साडेतीन हजार पावलं चालवू शकतो. तेवढ्याच वेळात व्हायोलिनवर संथ आलाप घेणाऱ्याच्या नावावर तो कदाचित एकही पाऊल लावणार नाही. जागचं दोघांपैकी कुणीच उठलेलं नाही. ड्रम वाजवणारा घामाघूम झालाय हे खरंच. पण व्हायोलिन वाजवणाऱ्याचीही मान आणि खांदा भरून आलाय. बँडने यातलं काय मोजलं आणि काय त्याच्या नजरेतून सुटलं, एवढाच आजचा विषय आहे.

बँडच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो तुकडा किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमताही बदलते. तिन्ही दिशांना हे मोजमाप सेकंदाला कित्येक वेळा होत राहतं. म्हणजे बँडच्या हाती जे लागतं ते मनगटाचं त्वरण, त्याचा वेग किती झपाट्याने बदलतोय ते. पाय जमिनीला टेकला का, हे त्याला समजण्याची सोयच नाही.

मग पावलं मोजतो कशी? आपण चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाचा हिसका मनगटापर्यंत पोहोचतो. या वेगाच्या आसपास एकसारखे हिसके येताना दिसले, की माणूस चालतोय असं धरायचं, ही मूळ युक्ती. दार उघडलं, केस विंचरले, अशा सुट्या हालचाली गाळता याव्यात म्हणून बरेच बँड काही हिसके सलग आल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत. रोजच्या व्यवहारात ही गाळणी चांगली चालते. वादनासमोर मात्र ती निकामी ठरते, कारण नियमित अंतराने आघात करणं हाच तर तालाचा पाया. मिनिटाला १२० च्या लयीत हात पडत राहिला, तर अर्ध्या तासात ३,६०० आघात होतात, आणि बँडच्या लेखी ती ३,६०० पावलं. वादक लयीला जितका पक्का, तितकी ही खोटी पावलं जास्त. लय जरा ढिली असलेल्याची पावलं कमी भरतील!

बँड कोणत्या हातात आहे, यावरही सगळं बदलतं. गिटारवर स्ट्रमिंग करणारा हात मनगटासकट झुलतो, तर पडदे दाबणाऱ्या हाताची बोटंच काय ती धावतात, मनगट जवळपास स्थिर राहतं. हार्मोनियमचा भाता मारणारा हात बँडला चालल्यासारखा वाटू शकतो. स्वरपट्ट्यांवर द्रुत ताना घेणारा हात मात्र त्याला निवांत बसलेला दिसतो. कसलेला तबलावादक द्रुत लयीत मनगट फार उचलत नाही, काम बोटांवर येतं. म्हणून उजव्या हातातला बँड त्याची हालचाल कमी नोंदवतो, आणि कौशल्य जसं वाढतं तशी ही नोंद आणखी घटते. ड्रम वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय पेडलवर राबत असतात, ते तर हिशेबात कुठेच येत नाहीत. वाद्य एकच, वादक एकच, अर्धा तासही तोच. बँड या हातातून त्या हातात घाला, दुसराच आकडा येईल.

आता नाडीकडे येऊ. बँडच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. ठोक्यासरशी त्वचेखाली रक्त भरतं तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, रक्त ओसरलं की वाढतो. या चढउतारातून हृदयाचे ठोके काढले जातात. पण हा चढउतार फार क्षीण असतो, आणि हात हलल्याने बँड त्वचेवर घसरतो, तिथलं रक्त हेलकावतं. वादकाच्या बाबतीत भर म्हणजे बोटं हलवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, याच मनगटातून जातात. प्रत्येक स्वराला त्या सरकतात आणि दिव्याखालची त्वचा हलते. एकाच खोलीत एक जण कुजबुजतोय आणि दुसरा ओरडतोय, आणि आपल्याला कुजबूज ऐकायची आहे, असं ते काम आहे. बँडचं सॉफ्टवेअर ओरडणारा आवाज वजा करू पाहतं. तो आवाज ठोक्यांसारखाच नियमित असेल तर मात्र ते गोंधळतं आणि भलत्यालाच धरून बसतं. धावणाऱ्यांच्या बाबतीत हे ठाऊक आहे: पावलांची गती नाडी म्हणून दाखवली जाते. वादनातही तेच. गाण्याची लय १४०, हृदयाचे ठोके ९५, आणि पडद्यावर १४०. आकडा बराच वेळ लयीला चिकटून बसला, तर तो हृदयाचा नसून तालाचा असण्याचा संशय घ्यावा.

कॅलरीचा आकडा तर आणखी एक पायरी लांबचा, कारण तो मोजलेला नसून अंदाजलेला असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची ७ उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीच्या बाबतीत ७ पैकी ६ उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. आणि हे बसणं, चालणं, धावणं, सायकल चालवणं अशा सरळ कामांत!

वादनाला खरोखर किती ऊर्जा लागते याचा ढोबळ आधार हवा असेल तर मेट हे एकक पाहा. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं ते १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी. शारीरिक हालचालींची मेट मूल्यं देणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कोष्टकाच्या २०११ च्या आवृत्तीत वाद्यंही आहेत: ड्रम ३.८, व्हायोलिन २.५, पियानो २.३, बसून वाजवलेली शास्त्रीय गिटार २. मध्यम गतीने सपाटीवर चालणं ३.५. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला तासभर ड्रम वाजवायला सुमारे २२८ किलोकॅलरी लागतात आणि व्हायोलिनला १५०, ज्यातल्या ६० तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. ही सरासरी आहे, वाजवण्याच्या जोरावर बरंच अवलंबून. ब्लॉन्डी या रॉक समूहाचा ड्रमवादक क्लेम बर्क याच्यावर ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २००८ पासून अभ्यास केला, तेव्हा कार्यक्रमात त्याचे ठोके सरासरी १४० ते १५० आणि कमाल १९० पर्यंत गेल्याचं दिसलं. तिथे ड्रमवादन हा पूर्ण अर्थाने व्यायाम आहे.

पण ठोके वाढले म्हणजे तेवढी ऊर्जा खर्च झाली, असं समीकरण मांडता येत नाही, आणि माझ्या मते वादकांनी सगळ्यात जास्त सावध राहायला हवं ते इथेच. नाडीवरून कॅलरी काढणारी सूत्रं प्रामुख्याने चालण्या-धावण्यावर, म्हणजे पायांच्या मोठ्या स्नायूंवर बेतलेली आहेत. तेवढाच ऑक्सिजन हातांनी काम करून वापरला, तर हृदयाचे ठोके पायांच्या कामापेक्षा जास्त पडतात. बासरी किंवा ट्रम्पेट वाजवताना छातीतला दाब वाढतो, श्वास रोखला-सोडला जातो, त्यानेही नाडी खालीवर होते. शिवाय रंगमंचावरची धडधड आहेच. पडदा उघडण्याआधी स्तब्ध बसलेल्या वादकाचे ठोकेही झपाट्याने वाढतात. स्नायूंनी तेव्हा काहीच केलेलं नसतं. व्यायामाची नोंद सुरू असेल तर बँड त्या धडधडीच्याही कॅलरी लावतो.

याच्या उलट जे दिसायला हवं ते दिसत नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरून ठेवणं, बासरीसाठी दोन्ही हात उचललेले ठेवणं, तासन् तास मांडी घालून पाठ ताठ राखणं, यात स्नायू आखडून स्थिर राहतात. हालचाल नाही, म्हणून ॲक्सेलरोमीटर गप्प. मोठे स्नायू जोरात राबत नाहीत, म्हणून नाडीही फारशी वाढत नाही. आणि वादकांना पुढे छळणारी दुखणी बहुतांशी याच स्थिर ताणातून आणि बोटा-मनगटांच्या वारंवार होणाऱ्या बारीक हालचालींतून येतात. बँडवर ‘आज हालचाल कमी’ असं दिसतं, त्या दिवशी हाताने चार तास काम केलेलं असू शकतं. रियाजात विश्रांती कधी घ्यायची, हे त्या आकड्यावरून ठरवू नका. मनगट जड होणं, बोटांना मुंग्या येणं, खांद्यात कळ, हे सगळं बँडपेक्षा आधी आणि खरं सांगतं.

तरीही बँड वापरायचाच असेल तर काही गोष्टी करता येतात. रियाजाच्या वेळची पावलं दिवसाच्या चालण्यात धरू नका. बँड काढून ठेवलात तरी हरकत नाही. नाडी नीट हवी असेल तर छातीवरचा पट्टा घ्या. तो प्रकाशाऐवजी हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून बोटांच्या धावपळीचा त्याला फार उपद्रव होत नाही. पट्टा नको असेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सरही मनगटापेक्षा बरा. तुलना स्वतःशीच करा: तीच रचना, तीच लय, बँड त्याच हातात. हिरव्या दिव्याने दाखवलेल्या नाडीची खातरजमा करायची तर तुकडा संपताक्षणी दोन बोटं गळ्याच्या बाजूच्या नाडीवर हलकेच ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि ४ ने गुणा. वाजवणं थांबलं की ठोके लगेच उतरू लागतात, त्यामुळे पहिलेच १५ सेकंद घ्यायचे; आणि बँडवरचा आकडा पाहायचा तो वाजवत असतानाच्या शेवटच्या क्षणाचा.