सेल्फ उतरवायच्या आधी

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर. कुठंतरी लेथ चालू आहे. अर्ध्या शटरच्या आत फिकट हिरवी मोटार.)

नॉब ओढला की बॉनेटखाली टक् होतं, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, जेमतेम कण्हतो आणि थांबतो.

कोल्हापूरला जुन्या मोटारींचं वेड नवं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेल्यांतले कितीतरी जण आधी मोटारच बघत असतात. ही गाडी त्या मानानं गरीब घरातली. १९४८ साली इंग्लंडात मॉरिस मायनर आली. हिंदुस्तान मोटर्सनं ती आपल्याकडं ‘बेबी हिंदुस्तान’ नावानं आणली. मालक निवृत्त मास्तर. येतानाच त्यांनी दुसरा सेल्फ मिळवून आणलाय. मिस्त्रीमामा त्या खोक्याकडं बघायलाही तयार नाहीत.

“मास्तर, सेल्फला शिव्या घालू नगासा. आधी दिवं लावा.”

(दृश्य : हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर.)

दिवे लावायचे, नॉब ओढायचा आणि बघायचं भिंतीकडं. दिवे पार विझायला आले, तर बॅटरी बसलीय किंवा सेल्फची पिनियन (पुढचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोठ्या चाकाच्या, दात्यांत अडकलीय. अडकली असेल तर इग्निशन बंद, टॉप गिअर, आणि गाडी पुढं-मागं हलवायची; बहुतेक वेळा सुटते. दिवे जराही हलले नाहीत आणि आवाजही नाही, तर स्विच किंवा सेल्फमधल्या कार्बन ब्रशकडं संशय. सेल्फ नुसताच गरगरतोय, इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्सवर, म्हणजे पिनियन पुढं सरकवणाऱ्या भागावर, घाण बसलेली असते. ती रॉकेलनं धुवायची. ग्रीस मात्र लावायचं नाही, त्यावर क्लचची धूळ चिकटते आणि आठवड्यात पुन्हा तेच.

इथं दिवे थोडे मंदावले, पण टिकून राहिले.

म्हणजे बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. मामा मीटर काढतात. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट. नॉब ओढल्यावरही साडेअकराच्या वर. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर, जे केबलनं बॉडीला जोडलंय त्याच्यावर, आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर. पुन्हा नॉब. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला चार.

गणित साधं आहे. सेल्फ ओढतो शंभर-दीडशे अँपिअर. एवढ्या करंटच्या वाटेत ओहमचा एक शतांश भाग जरी अडथळा आला, तरी एक-दीड व्होल्ट तिथंच जिरतात. घरातल्या बल्बला असला गंज जाणवणारही नाही. सेल्फचा मात्र जीव जातो.

“चोकच्या तारंला हात लावा.”

मास्तर हात लावतात आणि झटकन मागं घेतात. तार तापलीय. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळं त्याचा आणि बॉडीचा विजेचा संबंध एका जाड अर्थिंग पट्टीनं जोडलेला असतो. पट्टी गंजली की करंट मिळेल ती वाट धरतो. चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार. अशा तारा जळून धूर आल्यावर नवी चोक केबल टाकणारे आणि मूळ दुखण्याला हातही न लावणारे लोक आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं.

(दृश्य : गाडीखाली मामा. हिरवट पडलेली पट्टी. पॉलिश पेपर.)

पट्टी बदलली, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, घट्ट बोल्ट मारले. मीटर आता पाव व्होल्टच्याही खाली. सेल्फ फिरला, इंजिन धरलं.

इथं बरेच जण थांबतात. मामा थांबत नाहीत, आणि मला ते पटतं, कारण या गाडीत दुसरा एक सापळा आहे. हिची बॉडी निगेटिव्हला नाही, पॉझिटिव्हला जोडलेली असते. हाताला नव्या गाड्यांची सवय झालेला वायरमन बॅटरी उलटी जोडून मोकळा होतो. गंमत म्हणजे सेल्फ तरीही सरळच फिरतो. त्याची फील्ड (स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारी वेटोळी) एकाच साखळीत असल्यानं दोन्हींची दिशा एकदम पालटते. त्यामुळं कुणालाच पत्ता लागत नाही. बॅटरी चार्ज करणारा डायनमो मात्र उलट चार्ज करायला बघतो, त्याला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, म्हणजे कटआउटचे, पॉइंट जळतात, इग्निशन कॉइलची ठिणगी कमजोर पडते. म्हणून मामा आधी टर्मिनलवरची खूण बघतात, मग इंजिनचा वेग वाढवून बॅटरीवर मीटर लावतात. चौदाच्या आसपास. डायनमो ठीक आहे. हळू आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, पण त्याला घाबरायचं कारण नाही. डायनमो तेवढ्या कमी वेगात चार्ज करतच नाही.

उरलं वायरिंग. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून जाणारी, काळी अर्थिंगची. हे मूळ गाडीचं. या गाडीत मधल्या साठ-सत्तर वर्षांत ज्याला जी तार मिळाली ती त्यानं जोडलीय, त्यामुळं रंगावर विश्वास न ठेवता मामा प्रत्येक तार टेस्ट लॅम्प लावून ओळखतात आणि टोकाला चिठ्ठी बांधतात. संपूर्ण गाडीला दोनच फ्यूज, आणि हेडलाइट त्यांतल्या एकावरही नाहीत. तिथं तार घासून शॉर्ट झाली, तर जळायला वायरिंगच आहे.

मामा हेडलाइटला वेगळा फ्यूज टाकायचा म्हणतात. मास्तर नाराज : मूळ गाडीत तो नव्हता.

“मूळ गाडीत तार बी नवी हुती, मास्तर.”

फ्यूज बसला. वायपरचं काम राहिलंय, ते पुढच्या आठवड्यात.