लाल कार्ड मागच्या खिशात

(मुंबईतील एका क्रीडा व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून.)

मंडळी, बाहेर फलकावर माझ्या नावापुढे 'आंतरराष्ट्रीय पंच' असं लिहिलंय, ते आधी दुरुस्त करतो. मी आंतरराष्ट्रीय वगैरे कधीच नव्हतो. कूपरेज, परळ, वांद्रे, अंधेरी एवढीच माझी हद्द. आठवडाभर बँकेत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी. पण सवय अशी लागली की टीव्हीवर फुटबॉलच्या वर्ल्ड कपची फायनल लागली तरी माझी नजर बॉलवर नसते, रेफरीच्या पायांवर असते. घरचे वैतागतात.

मला सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो: 'एवढी मोठी मॅच, आणि रेफरीला हे दिसलं नाही?' माझं म्हणणं असं की बऱ्याचदा दिसतं. गडबड होते ती दिसल्यानंतरच्या एका सेकंदात. त्या सेकंदात रेफरीच्या मनात एक वाक्य येतं: 'आत्ताच कार्ड काढलं तर मॅचची मजा जाईल.' समोर लाखभर लोक ओरडत असोत की परळच्या मैदानाच्या कठड्यावर बसलेले पन्नास, वाक्य तेच. लोकांच्या आरडाओरड्याची सवय होते. या वाक्याची होत नाही, कारण ते आपल्याच तोंडचं असतं आणि ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

नियम तसा सोपा आहे. आडवा पाय घातला, ढकललं, तर तीन पायऱ्या बघायच्या. निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्रीकिक. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नसेल तर पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद; दोन पिवळी झाली की लाल. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं असेल तर थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर. यात 'मिनिट कितवं' हा रकाना नाही, 'फायनल आहे का' हाही नाही.

आता आपल्याकडे पाऊस. जुलैत चिखलात खेळताना पोरगा टॅकलसाठी, म्हणजे समोरच्याचा बॉल पायाने काढायला, बसला की तो थांबत नाही, सहा-सात फूट घसरत जातो. बॉल केव्हाच निघून गेलेला असतो आणि हा अजून येतोय! मग तो निष्काळजी की बेपर्वा? मी पायाचा तळवा बघायचो. बूट जमिनीलगत असेल तर बिचारा घसरलाय. स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खिळे, वर आणि गुडघा ताठ असेल तर चिखलाचं निमित्त सांगू नका. पण हे दिसायला बाजूने बघावं लागतं. पाठीमागून सगळेच टॅकल सारखे दिसतात. म्हणून रेफरी एवढा पळतो. बॉल गाठायला तो पळत नाही, कोन मिळवायला पळतो.

कोन नसला की काय होतं ते २०१० च्या फायनलमध्ये जगाने पाहिलं. जोहान्सबर्ग, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स, रेफरी हॉवर्ड वेब. हा माणूस आधी पोलीस होता, म्हणजे दरडावायची कला अंगात. अठ्ठाविसावं मिनिट. उंच बॉल, स्पेनचा खाबी अलोन्सो डोक्याने खेळायला उठला आणि नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा बूट, स्टडसकट, त्याच्या छातीत. वेबने पिवळं दिलं. मध्ये एक खेळाडू आला होता, त्यामुळे वेबला पुरतं दिसलं नाही. नंतर त्यानेच सांगितलं, ते लाल होतं.

टीका करणारे एक गोष्ट विसरतात. त्या लाथेआधी, पंधराव्या ते तेविसाव्या मिनिटात, वेबने चार पिवळी काढली होती. म्हणजे तो हातावर हात ठेवून उभा नव्हता. तो पिवळ्याने आग विझवायला बघत होता, आणि आग पिवळ्याच्या पलीकडे गेली होती. शेवटी हिशेब काय झाला? चौदा पिवळी, आणि जादा वेळेत नेदरलँड्सच्या हायटिंगाला दुसऱ्या पिवळ्यावर लाल. अठ्ठाविसाव्या मिनिटाला एक लाल निघालं असतं तर पुढची किती वाचली असती? सांगता येणार नाही. पण माझ्या जिभेवर हा प्रश्न येतो त्याला घरगुती कारण आहे, ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची सेमीफायनल. संघांची नावं सांगणार नाही, दोन्हीकडची मंडळी अजून भेटतात. सातव्या मिनिटाला एका स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्याला, मागून कापला. मी दहा फुटांवर, कोन उत्तम, सगळं स्वच्छ दिसलं. पर्वा वगैरे लांबच, त्याने बॉलकडे बघितलंही नव्हतं. माझा हात खिशाकडे गेला आणि ते वाक्य आलं. सातवंच मिनिट, सेमीफायनल, आत्तापासून कार्ड काढलं तर पुढे काय? मी त्याला जवळ बोलावलं, बोट दाखवून समज दिली. 'सॉरी सर' म्हणाला. अगदी शहाण्यासारखा.

तो एकटा 'सॉरी सर' म्हणाला, पण बाकीच्या एकवीस जणांनीही ऐकलं की आज इथवर चालतं. पुढच्या अर्ध्या तासात कोपरं निघाली, जर्सी ओढल्या गेल्या, थ्रो घेताना शिव्या. मी शिट्टी वाजवत राहिलो. उत्तरार्धात त्याच स्टॉपरने त्याच विंगरला पुन्हा घेतलं. आवाज आला, सुकी काटकी मोडल्यासारखा. पोरगा खाली. मी मोजा खाली केला तर आत शिनगार्ड, म्हणजे नडगी वाचवणारी पट्टी, नव्हतंच. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मोज्यात सरकवलेला, चिखलाने भिजून मऊ झालेला. मॅचआधी साहित्य तपासायचं काम माझंच. मी मोज्यावरून हात फिरवला होता, कडक लागलं, पुढे गेलो.

असो. नशीब एवढंच की हाड तडकण्यावर निभावलं.

सातव्या मिनिटाचा माझ्यासारखाच किस्सा फार मोठ्या माणसालाही भोवलाय. २००६, न्यूरेंबर्ग, पोर्तुगाल विरुद्ध नेदरलँड्स. सातव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या बुलाहरूझचे स्टड पोर्तुगालच्या रोनाल्डोच्या मांडीत. रशियन रेफरी वालेंतिन इवानोव्हने पिवळ्यावर सोडलं. रोनाल्डो पूर्वार्धातच लंगडत बाहेर गेला, आणि मॅच संपली तेव्हा सोळा पिवळी, चार लाल. त्या चारांत बुलाहरूझ होताच. फिफाचे अध्यक्ष तेव्हा म्हणाले, रेफरीलाच पिवळं द्यायला हवं होतं. हे बोलणं सोपं आहे. नंतर त्यांनाही वाईट वाटलं म्हणे.

उलट टोकही बघा. २०१४, फोर्तालेझा, ब्राझील-कोलंबिया. चोपन्न फाउल झाले आणि पहिलं कार्ड निघालं चौसष्टाव्या मिनिटाला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्या सुनिगाचा गुडघा ब्राझीलच्या नेमारच्या पाठीत बसला, मणक्याला इजा, वर्ल्ड कप संपला. त्या फाउलला कार्डही निघालं नाही. 'खेळू द्या, खेळू द्या' हे ऐकायला रसिकपणाचं वाटतं खरं.

मग फायनलमध्ये सगळं बरोबर कोणी केलं? रेफरी ओरासिओ एलिझोंडो, २००६, बर्लिन. एकशे दहावं मिनिट, फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या माटेराझीच्या छातीत डोकं मारलं. बॉल दुसरीकडे, एलिझोंडोला काहीच दिसलेलं नाही. दिसला तो जमिनीवर पडलेला माणूस. त्याने अंदाज बांधला नाही. खेळ थांबवला, कानातल्या यंत्रावरून सहकाऱ्यांना विचारलं. लाइन्समननाही काही दिसलेलं नव्हतं. चौथा पंच मेदिना कांतालेखो म्हणाला, मी पाहिलंय. एवढ्यावर, जगातल्या सगळ्यात लाडक्या खेळाडूला, त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये, लाल. इथे ते वाक्य मनात आलं नसेल का? माणूसच तो. पण हात थांबला नाही.

व्हीएआर, म्हणजे पडद्यावर व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, आल्यावर हे सोपं झालं असं तरुण मंडळी म्हणतात. २०१८ च्या वर्ल्ड कपला तो आला तेव्हा चारच गोष्टींसाठी होता: गोल, पेनल्टी, थेट लाल आणि चुकीच्या माणसाला दिलेलं कार्ड. सातव्या मिनिटाची बोट दाखवून दिलेली समज यात कुठे बसते? आणि आपल्याकडे तर पडदाही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान झाली, २-१ ने मुंबई जिंकली, दोन्हीकडची मिळून सात लाल कार्डं निघाली आणि पहिलं पहिल्या पाव तासातच. मी गॅलरीत होतो. शेजारचा रेफरीला शिव्या घालत होता, मी गप्प होतो. त्या माणसाकडे डोळे, पाय आणि तीन सहकारी, एवढंच होतं.

(श्रोत्यांतून एका मुलाने विचारले: कार्डं कुठे ठेवता?)

छान प्रश्न. पिवळं छातीच्या खिशात, लाल चड्डीच्या मागच्या खिशात. गडबडीत चुकीचं निघू नये म्हणून. शिवाय मागे हात न्यायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात एकदा विचार होतो. मी तरुण रेफरींना हेच शिकवायचो.

त्या सेमीफायनलला स्टॉपरला बाहेर काढायला मी मागे हात घातला, तर कार्ड पावसाने आणि घामाने खिशाच्या कापडाला चिकटलेलं. पहिल्या झटक्यात निघेना. कोणीतरी हसलं. तिसऱ्या झटक्याला निघालं, अर्धं दुमडलेलं. तोवर स्टॉपर स्वतःच शूजच्या नाड्या सोडत लाइनकडे निघाला होता.