वाचलेलं ओळखीचं वाटतं, पण आठवत का नाही?

विस्मरणाचा आलेख तुम्ही पुस्तकात पाहिला असेल. रेघ पहिल्या तासाभरात धाडकन खाली येते आणि मग सावकाश आडवी होत जाते. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की, शिकलेल्यापैकी ६६ टक्के भाग माणूस एका दिवसात विसरतो. हे वाक्य आधी खोडा, कारण ज्याच्या प्रयोगांवरून हा आलेख आला, त्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने ते मोजलंच नव्हतं.

हर्मान एबिंगहाउसचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग झाले तोही तोच. आधीच्या ओळखीचा फायदा मिळू नये म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन असे सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या न चुकता म्हणता येईपर्यंत तो पाठ करायचा, काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला ते पाहायचा. हीच बचत पद्धत. समजा, पहिल्यांदा २० मिनिटं लागली आणि दुसऱ्या दिवशी १३. वाचलेली ७ मिनिटं भागिले २०, म्हणजे बचत ३५ टक्के. त्याच्या नोंदींत ही बचत २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ अशी उतरत गेली.

शंभरातून हे ३४ वजा केले की पुस्तकातले ६६ टक्के येतात, पण ही वेळेची बचत आहे, लक्षात राहिलेला भाग नव्हे. आता यातली गंमत बघा. यादीतला एकही गट आठवत नसला तरी बचत शून्य नसू शकते. म्हणजे ‘किती लक्षात आहे’ याचं उत्तर तुम्ही कसं मोजता यावर ठरतं. समोर काहीही नसताना आठवून सांगणं म्हणजे प्रत्यावाहन. समोर आलेलं ओळखणं म्हणजे प्रत्यभिज्ञा. तिसरं, पुनर्अध्ययनातली बचत. यांत प्रत्यावाहन सहसा सगळ्यात अवघड. दीर्घोत्तरी प्रश्नाला तेच लागतं. बहुपर्यायी प्रश्नाला बरेचदा प्रत्यभिज्ञेवर निभतं.

अभ्यास फसतो तो नेमका इथे. धडा तिसऱ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची वाटतात, डोळे भरभर सरकतात आणि ‘हे येतंय मला’ असं वाटू लागतं. ती प्रत्यभिज्ञा असते. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी हे उताऱ्यांवर तपासलं. एका गटाने चारही सत्रांत उतारा वाचला. सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, साधारण साडेतीन वेळा, आणि उरलेली तीन सत्रं न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि ‘आठवड्याने मला चांगलं आठवेल’ असा भरवसा जास्त कुणाला होता? वाचणाऱ्यांना!

म्हणून एक भाग नीट समजून वाचा, पुस्तक मिटा आणि मध्ये दुसरं काही काम होऊ द्या. लगेच लिहायला बसलात तर नुकतंच वाचलेलं डोक्यात घोळत असतं आणि चाचणी खोटी ठरते. मग कोऱ्या कागदावर लिहा. अडलं की लगेच पान उघडू नका, मिनिटभर थांबा. शेवटी पुस्तकाशी ताडून राहिलेलं आणि चुकलेलं वेगळ्या शाईने भरा. हे वगळलं तर चुकीचं उत्तरच पक्कं होण्याचा धोका असतो. पुढची फेरी कधी घ्यायची, ते परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरवा: आठवड्यावर असेल तर एका दिवसाने, पाच आठवड्यांवर असेल तर दीडेक आठवड्याने. न समजलेल्या मजकुराला मात्र हा उपाय चालत नाही. तिथे आधी समजून घेणंच भाग आहे.

आणखी एक चूक हुशार मुलंही करतात. एखादं उत्तर एकदा बरोबर आलं की ते यादीतून काढून टाकतात. रोडिगर आणि कार्पिके यांनीच २००८ मध्ये परक्या भाषेतल्या ४० शब्दजोड्या घेऊन हे पाहिलं. बरोबर आलेल्या जोड्यांची पुन्हा चाचणी घेणं ज्यांनी थांबवलं, त्यांना आठवड्याने जेमतेम तिसरा हिस्सा आठवला. ज्यांनी सगळ्या जोड्यांची चाचणी चालू ठेवली, त्यांना सुमारे ८० टक्के. त्यामुळे बरोबर आलेल्या प्रश्नांसमोर खूण जरूर करा, पण पुढच्या फेरीत तेही पुन्हा विचारा.